आपलं पुस्तक आपण विकायचं, त्यात लाज कसली?

मराठी साहित्याच्या वर्तुळात गेल्या काही वर्षांपासून एक कुरकुर ऐकू येते. हल्लीची पोरं लिहितात कमी आणि फेसबुकवर विकतात जास्त. मुखपृष्ठाच्या फोटोखाली गुगल पेचा नंबर टाकतात, कवितेचं रील करतात, रोज उठून 'पुस्तक घ्या' म्हणतात. लेखकाने लिहावं, बाजारात उभं राहू नये. लेखन चांगलं असेल तर ते आपला वाचक आपोआप शोधतं.

हे ऐकून आपल्यातले बरेच जण ओशाळतात. घरात पहिल्यांदा पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी, पदरचे पैसे घालून पहिलं पुस्तक काढते, पाचशे प्रती घरातल्या पलंगाखाली ठेवते आणि मग त्याबद्दल चारचौघांत बोलायलाच लाजते. दोन पोस्ट टाकून थांबते. तिसरी टाकली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती.

या 'आपोआप'चा अर्थ आधी तपासू या. एखाद्या प्रस्थापित लेखकाचं पुस्तक आपोआप वाचकापर्यंत पोचतं, म्हणजे नेमकं काय होतं? प्रकाशक ओळखीचा असतो. रविवारच्या पुरवणीत परीक्षण लिहिणारा कधीकाळी त्याच कॉलेजात असतो. ग्रंथालयांच्या खरेदीची यादी करणारं, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर बसणारं, पुरस्काराच्या समितीत असणारं कुणी ना कुणी ओळखीपाळखीतलं निघतं. ही सगळी माणसं मिळून त्या पुस्तकाची जाहिरातच करत असतात. फक्त तिला जाहिरात म्हणत नाहीत, साहित्यव्यवहार म्हणतात. समाजशास्त्रात आम्ही याला सामाजिक भांडवल म्हणतो. ज्याच्याकडे ते वडिलोपार्जित आहे, त्याला स्वतःच्या पुस्तकाबद्दल मौन पाळणं परवडतं. त्याचं मौन हा त्याच्या नम्रतेचा पुरावा आहे असं समजून आपण आपल्या बोलण्याची लाज बाळगत बसतो.

आपल्याकडे लाज बाळगण्याची परंपराच नाही, उलट आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालं तेव्हा त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, तीही पैसे मोजून द्यायची तयारी असताना. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आपण अन्यायाचं उदाहरण म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्यातली दुसरी बाजू आपल्या नजरेतून निसटते. बाबासाहेबांना जाहिरात करायची होती. पाक्षिक काढलं की ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना आणि इतरांनाही कळलं पाहिजे, हे त्यांना उघड दिसत होतं आणि त्यासाठी ते विरोधकाच्या दारातही पैसे घेऊन गेले.

याहून मोठा धडा 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चा आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, भाषणाचा मजकूर वाचून मंडळ बिचकलं, काही भाग गाळा म्हणालं, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि अधिवेशनच रद्द झालं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची गोष्ट पुस्तक विकू पाहणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी अशी आहे. व्यासपीठ गेलं, श्रोते गेले, हातात होतं ते छापून तयार असलेलं भाषण. १९३६ साली स्वतःच्या खर्चाने काढलेल्या त्या पंधराशे प्रती त्यांनी थेट वाचकांसमोर ठेवल्या. आणि नुसतं भाषण ठेवलं नाही. मंडळाशी झालेला सगळा पत्रव्यवहारही सुरुवातीला जोडला. वाचकाला पुस्तक उघडताच कळतं की हे भाषण का होऊ शकलं नाही, कोण काय म्हणालं, कुठे मोडलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

मग गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका लिहिली. टीकेच्या ओघात त्यांनी पुस्तिकेच्या आठ आणे किमतीवरही बोट ठेवलं, ती दोन आणे, निदान चार आणे असावी असं सुचवलं. बाबासाहेबांनी काय केलं? उत्तर लिहिलं आणि १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींची टीका आणि आपलं उत्तर दोन्ही छापून टाकलं. विरोधकाचा संपूर्ण मजकूर आपल्याच पुस्तकात. तोवर गुजराती आणि तमिळ भाषांतरं आली होती, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळममध्ये काम चालू होतं. ज्या सभेत फार तर काही शे लोकांनी ते भाषण ऐकलं असतं, ती रद्द झाली आणि पुस्तक देशभर गेलं. आज आपण 'सोशल मीडिया स्ट्रॅटेजी' वगैरे शब्द ऐकून दबून जातो. त्या शब्दांत जे काही शहाणपण असेल ते सगळं या एका पुस्तिकेच्या दोन वर्षांच्या इतिहासात आहे. मजकूर कसा तयार झाला हे वाचकाला सांगा, किंमत परवडेल अशी ठेवा, टीकाकारांच्या गर्दीतून उत्तर देण्याजोगा एक निवडा आणि त्याला पूर्ण उत्तर द्या, दुसऱ्या भाषेत जा.

आणि त्याच्याही आधी जोतीराव आहेत. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी त्यातले भाग पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले होते. ज्यांच्याबद्दल पुस्तक आहे त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून लेखक स्वतः पुस्तक घेऊन गेला आणि मोठ्याने वाचलं. आज आपण जे रील करतो त्याची लाज वाटत असेल तर हे आठवावं.

आता आजच्या बाजाराकडे येते. मी हैदराबादेत राहून समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि आंबेडकरी पुस्तकांचा व्यवहार हा माझ्या अभ्यासाचा एक भाग आहे. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कावर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीवर जी पुस्तकांची दुकानं लागतात, त्यांच्यापुढे मी तासन्‌तास उभी राहिले आहे. तिथे एक गोष्ट वारंवार दिसते. एखादा तरुण थांबतो, पुस्तक हातात घेतो, उलटून किंमत बघतो, मग खिशातून मोबाईल काढून मुखपृष्ठाचा फोटो काढतो आणि पुस्तक परत ठेवतो. विक्रेते याला वैतागतात. मला मात्र त्या फोटोत गिऱ्हाईक दिसतं. परतीच्या गाडीभाड्याचे पैसे बाजूला ठेवलेला हा माणूस आज घेऊ शकत नाही, पण त्याला ते हवं आहे. घरी गेल्यावर, पगार झाल्यावर, शिष्यवृत्ती जमा झाल्यावर तो तो फोटो उघडेल. त्या फोटोत काय असतं? नाव, लेखकाचं नाव आणि एक चित्र. कुठे मिळेल, कोणाला फोन करायचा, टपालाने येईल का, काहीच नसतं. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात वाचता येईल एवढ्या अक्षरात एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर छापायला किती खर्च येतो? क्यूआर कोड छापला तर उत्तमच. पण तोही असा हवा की फोटोतून स्कॅन होईल.

समाजमाध्यमांवर नेमकं हेच होतं, फक्त उलट्या दिशेने. तिथे आपण वाचकाला नुसतं मुखपृष्ठ दाखवतो. 'माझा पहिला कवितासंग्रह प्रकाशित झाला आहे, सर्वांनी अवश्य वाचावा.' खाली तीनशे लाइक, एकशे दहा अभिनंदनं, जयभीम, निळी हृदयं. आठवडाभरात खपलेल्या प्रती अकरा, त्यातल्या चार मामाने घेतलेल्या. मग लेखक निराश होतो, आपला समाज वाचत नाही म्हणतो. माझं यावर स्पष्ट मत आहे की त्या पोस्टमध्ये वाचण्यासारखं काही नव्हतंच. प्रकाशन समारंभाचा फोटो, शाल, पाहुण्याच्या हातात उभं धरलेलं पुस्तक. यावर अभिनंदन करणं ही रीत झाली, ती लोकांनी पाळली. त्यांच्यापुढे पान कुठे ठेवलं होतं?

पान ठेवा. पुस्तकातलं एक अख्खं पान, फोनवर वाचता येईल अशा अक्षरात, थेट पोस्टमध्ये टाइप केलेलं. सगळ्यात चटपटीत ओळ नको, जिथे वाचकाला पुढचं पान हवंसं वाटेल अशी जागा. खाली तीन गोष्टी, किंमत, नंबर, टपालखर्च धरून की वगळून. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात दिलेली लिंक दाबली जात नाही, हे अजूनही अनेकांच्या लक्षात येत नाही. लोक लिंक टाकून वाट बघत बसतात. तिथे नंबर द्यावा किंवा प्रोफाइलवर लिंक ठेवावी.

आणि वाचून दाखवा. आपल्याकडे जलसा होता, शाहिरी होती, वामनदादांची गाणी होती. लोकांनी बाबासाहेब आधी कानांनी ऐकले, मग डोळ्यांनी वाचले. तुमचं पुस्तक वऱ्हाडीत असेल, अहिराणीत असेल, मराठवाड्याच्या बोलीत असेल तर छापील अक्षरापेक्षा तुमच्या आवाजात ते लवकर पोचेल. दोन मिनिटांचा ऑडिओ पुरे. स्टुडिओ नको, मागे पंखा बंद केला तरी बस. माझ्या ओळखीच्या एका कवीने नोकरीच्या गावी बसून कविता व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून पाठवायला सुरुवात केली तेव्हा त्याला पहिला प्रतिसाद आला तो एका मैत्रिणीच्या आईचा. ती अंगठा करते. तिने ती कविता शेजारणीला ऐकवली, शेजारणीच्या मुलीने संग्रह मागवला. अशा वाटेने जाणारं पुस्तक कोणत्याही परीक्षणातून जात नाही.

आपला वाचक कोण, याचाही विचार आपण फार कमी करतो. तो अभ्यासिकेत बसलेला आहे. समोर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक आणि मांडीवर मोबाईल. तीनशे रुपयांचं पुस्तक म्हणजे त्याचे मेसचे चार-पाच दिवस. तो वाचत नाही असं नाही, दिवसभर वाचतच असतो. फक्त परीक्षेत न येणारं पुस्तक विकत घेण्याची सवय त्याच्या घरात कुणी पाहिलेली नाही. म्हणून पुस्तक विकणं म्हणजे आधी ही सवय लावणं. ते एका पोस्टने होत नाही. शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड लोक पाठीवर लादून का नेतात? त्यात बाबासाहेब आहेत म्हणून, हे तर आहेच. पण एवढी जाड पुस्तकं त्यांच्या खिशाला झेपणाऱ्या किमतीत मिळतात, हेही कारण आहे. आपल्या नव्या लेखकांच्या नव्वद पानी कवितासंग्रहाची किंमत दोनशे वीस रुपये पाहिली की मला प्रकाशकाशी भांडावंसं वाटतं.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती सांगते. समाजमाध्यमांना आपली एक विशिष्ट गोष्ट आवडते. तुम्ही वाचलेल्या कादंबरीवर लिहा, चाळीस लाइक. गावातल्या शेतीच्या बदलत्या गणितावर लिहा, पंचवीस. तुमचा झालेला अपमान लिहा, हॉस्टेलमध्ये कोणी काय विचारलं, घरमालकाने आडनाव ऐकून खोली कशी नाकारली, ते लिहा. दोन हजार शेअर. अनोळखी लोक इनबॉक्समध्ये येऊन रडतात, 'हे अजून घडतं?' असं विचारतात. दुसऱ्या दिवशी ते निघून जातात आणि तुमच्या हातात एक हिशेब राहतो की जखम दाखवली तर गर्दी होते. मग हात नकळत त्याच दिशेने जातो. आयुष्यातला एकेक प्रसंग चारशे शब्दांत फोडून टाकला जातो. ज्या आठवणीवर पुढे तीस पानं उभी राहिली असती ती एका रात्रीत खर्च होते. पाच वर्षांनी त्या लेखकाकडे हजारो फॉलोअर असतात आणि पुस्तक नसतं.

अपमान लिहू नये असं मी म्हणत नाही. 'बलुतं' कशावर उभं आहे? पण १९७८ साली 'बलुतं' आलं तेव्हा वाचकाला ते सलग वाचावं लागलं. त्यात अपमान आहे तसं हसणंही आहे, कावाखाना आहे, आई आहे, लेखकाने स्वतःवर ओढलेले आसूडही आहेत. त्यातलं एक पान फाडून व्हायरल करता येईल, पण त्या पानावर हळहळणारा आणि पूर्ण पुस्तकाला सामोरा जाणारा, हे दोन वेगळे वाचक आहेत. बेबीताई कांबळेंनी घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं वह्या लिहिल्या. त्यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. म्हणजे तुकड्यातुकड्याने प्रसिद्ध करण्यात काही वावगं नाही. फरक एवढाच की तुकडे छापायला गेले तेव्हा वही लिहून झालेली होती. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी वही भरा, मग तिच्यातलं पान फेसबुकवर जाऊ द्या.

याच संदर्भात रोहित वेमुलाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचं फेसबुकवरचं लेखन निखिला हेन्री यांनी संपादित केलं आणि २०१६ मध्ये ते इंग्रजीत पुस्तकरूपाने आलं. त्या नोंदींत राजकारण आहे, विज्ञान आहे, वाचन आहे, थट्टा आहे. तो जिवंत असताना हे सगळं त्याच्या भिंतीवर उघडं होतं, कुणालाही वाचता येत होतं. देशाने वाचलं ते १७ जानेवारीनंतर. मी ज्या शहरात राहते तिथे ही गोष्ट विसरता येत नाही, आणि म्हणून 'जखमेला वाचक मिळतो' हे वाक्य मला नुसतं विपणनाचं निरीक्षण म्हणून लिहिता येत नाही. त्याच महिन्यात, रोहितच्या मृत्यूनंतर, पत्रकार याशिका दत्त यांनी आपण दलित असल्याचं समाजमाध्यमावर जाहीर केलं आणि इतरांचे अनुभव गोळा करणारं एक पान टम्बलरवर सुरू केलं. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांचं 'कमिंग आउट अ‍ॅज दलित' आलं आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. लक्ष वेधलं गेलं ते पोस्टने, पण मधली तीन वर्षं त्यांनी पोस्टवर न थांबता संशोधन केलं, इतिहास वाचला. लोक पोस्टबद्दल बोलतात, त्या तीन वर्षांबद्दल कुणी बोलत नाही.

मुलींसाठी एक वेगळा परिच्छेद लिहावा लागतो, लागू नये असं वाटत असूनही. दलित मुलगी फोटोसकट स्वतःचं लेखन टाकते तेव्हा तिला जातीवरून आणि शरीरावरून एकाच वाक्यात शिव्या मिळतात. त्यात कधी आपलेही पुरुष असतात. वेगळं खातं उघडा, त्यावर फक्त पुस्तकाचं बोला, घरचा नंबर देऊ नका, विक्रीसाठी दुसरं सिम ठेवा, कमेंट कोण करू शकेल हे सेटिंगमध्ये ठरवा. ट्रोलला उत्तर देण्यात दिवस घालवू नका. बाबासाहेबांनी गांधींना उत्तर दिलं, कारण गांधींचा शब्द लाखो लोक प्रमाण मानत होते. तुमच्या कमेंटमधला तो माणूस गांधी नाही. सरकारी नोकरीत असणाऱ्यांना सेवा नियम आहेत, संशोधकांच्या मित्रयादीत मार्गदर्शक आहेत. टोपणनाव घेणं म्हणजे भेकडपणा असं ज्याला वाटतं त्याची नोकरी बहुधा सुरक्षित असते.

दुसरी काळजी जागेची. ज्या जागेवर आपण वाचक गोळा करतो ती आपल्या मालकीची नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ज्या गावाखेड्यातल्या पोरापोरींना इतर कुठेच कुणी विचारत नव्हतं त्यांनी तिथे प्रचंड प्रेक्षक मिळवला होता. त्यांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला आणि तो परत मिळवायला त्यांच्याकडे एकाचाही फोन नंबर नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने फीडचा नियम बदलला, पानांवरचा मजकूर मागे टाकून मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट पुढे आणल्या. हजारो सदस्य असलेली पानं थंड पडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने दिलीप मंडल यांचं खातं अडवलं तेव्हा मोठा गदारोळ झाला, निळ्या टिकेत जात कशी लपली आहे यावर देशभर चर्चा झाली. मंडल यांच्यामागे आवाज उठवणारे लोक होते. तुमच्या-माझ्या खात्यासाठी कोण उठवणार?

म्हणून एक यादी स्वतःजवळ ठेवा. पुस्तक घेतलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, नंबर, त्याच्या परवानगीने, एका वहीत किंवा एक्सेलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात आणि तो निरोप फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. ही अट अडचणीची वाटते, मला ती चांगली वाटते. ज्याने तुमचा नंबर सेव्ह करण्याचे कष्ट घेतले तो प्रेक्षक नाही, वाचक आहे. असे अडीचशे वाचक असलेला लेखक पुढच्या पुस्तकाची वर्गणी आधी गोळा करू शकतो. आपल्या नियतकालिकांनी हेच तर केलं, वर्गणीदारांच्या याद्यांवर अंक काढले. वर्गणी थकली की बंद पडली, 'बहिष्कृत भारत'सुद्धा पैशाअभावीच थांबलं. यादी किती जीव लावून राखावी लागते ते त्यावरून कळावं.

टपालाचंही बोलायला हवं, कारण ऑनलाइन विक्रीची सगळी स्वप्नं शेवटी पोस्टाच्या खिडकीशी येऊन थांबतात. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा बंद केली. छोट्या प्रकाशकांचं त्याने जे नुकसान झालं त्यावर संमेलनांच्या मांडवात आवाज उठायला हवा होता. त्यानंतर लहान पुस्तकाला टपालखर्च किमतीच्या प्रमाणात भारी पडू लागला. यावर आपल्या काही मुलांनी काढलेली युक्ती चांगली आहे. एकेक प्रत पाठवण्याऐवजी एका गावातल्या किंवा वसतिगृहातल्या पाच-दहा जणांची मागणी एकत्र करायची आणि एकच पार्सल एकाच्या नावाने पाठवायचं. तो एक मग तिथला विक्रेता होतो, त्याला एक प्रत फुकट द्यावी. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. हेही जाता जाता सांगून ठेवते, कारण या नावाखाली नव्या लेखकांना लुबाडलं जातं.

एप्रिल आला की इंग्रजी पुस्तकांची पानं चालवणारे सगळे 'वाचायलाच हवीत अशी दलित पुस्तकं' म्हणून यादी टाकतात. दरवर्षी तीच पाच-सहा पुस्तकं. १५ एप्रिलला ती यादी मिटते आणि ६ डिसेंबरला पुन्हा उघडते. त्यात आपलं नाव यावं म्हणून धडपडण्यापेक्षा आपण आपल्या याद्या का करत नाही? आपल्यातले लेखक स्वतःच्या पुस्तकाबद्दल पन्नास पोस्ट लिहितात आणि शेजारच्या तालुक्यातल्या नव्या लेखिकेबद्दल एकही नाही. हा कंजूषपणा मला कळत नाही. तिचा वाचक तुमचा होणारच आहे, आपल्या वाचकांची संख्या काही इतकी मोठी नाही की वाटून घ्यावी.

आणि हे फक्त लेखकांचं काम नाही. तुम्ही लिहीत नसाल, पण पदवीधर असाल, नोकरीला लागला असाल, महिन्याला एक पुस्तक घेऊ शकत असाल तर ते वाचून झाल्यावर त्याचा शेल्फवरचा फोटो टाकू नका. ज्या पानावर तुम्ही थांबलात, मागे जाऊन पुन्हा वाचलंत, त्या पानाबद्दल चार वाक्यं तुमच्या गावच्या भाषेत लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा, लेखकाला खोट्या अभिनंदनापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. खाली किंमत लिहा आणि मिळण्याचा नंबर. मग ती पोस्ट फेसबुकवर ठेवून द्या आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या वसतिगृहाच्या जुन्या ग्रुपवर पाठवा, जिथे सध्या फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा चालतात.